आकाशात सोडलेले रॉकेल: बंदी नको, हिशेब द्या

११ मे २००९ रोजी ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७-४०० जोहान्सबर्गहून लंडनला निघाले. धावपट्टीवर वेग घेत असतानाच दोन इंजिनांचे थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनाची हवा उलटी वळवून विमान थांबवणारे भाग) हलल्याचा खोटा इशारा विमानाच्या यंत्रणेला मिळाला. रिव्हर्सर उघडला की त्याची उलटी हवा पंखाच्या पुढच्या कडेवरच्या फ्लॅपांवर, म्हणजे उचल वाढवणाऱ्या सरकत्या पट्ट्यांवर, आदळते आणि कालांतराने ते कमकुवत होतात. म्हणून या विमानात असा इशारा मिळताच फ्लॅपांचा तो गट आपोआप आत जाई. उतरल्यावर हे सोयीचेच. इथे मात्र टाक्या भरलेले विमान जमीन सोडण्याच्या बेतात होते. पंखाची उचल अचानक घटली, चाके सुटता सुटताच स्टिक शेकर, म्हणजे उचल संपत आल्याचा इशारा देण्यासाठी वैमानिकाचा दांडा हलवणारे यंत्र, थडथडू लागला. वैमानिकांनी नाक जेमतेम वर ठेवून वेग जमवला, विमान हवेत गेल्याचे यंत्रणेला कळल्यावर फ्लॅप पुन्हा बाहेर आले आणि जीव वाचले. पुढे त्यांनी इंधन हवेत सोडून विमान हलके केले आणि जोहान्सबर्गलाच सुखरूप उतरवले. बोइंगने नंतर त्या आपोआप आत जाण्याच्या यंत्रणेत बदल केला.

ही घटना विमानक्षेत्राबाहेर फारशी कोणाला माहीत नाही. लोकांच्या लक्षात राहिली ती १४ जानेवारी २०२० ची लॉस एंजलिसची. डेल्टाचे शांघायला निघालेले बोइंग ७७७ उजव्या इंजिनाच्या बिघाडामुळे परत फिरले आणि उतरण्याच्या वाटेवर, सुमारे २,३०० फुटांवरून, दाट वस्तीवर इंधन सोडत गेले. कडही या गावातल्या शाळेच्या मैदानावर मुले खेळत होती, त्यांच्या अंगावर रॉकेलच्या सरी आल्या. साठाच्या आसपास लोकांची कातडी आणि डोळे चुरचुरले. सुदैवाने कोणालाही रुग्णालयात दाखल करावे लागले नाही. सोडलेले इंधन सुमारे १५,००० गॅलन होते, म्हणजे ५६ ते ५७ हजार लिटर. कंट्रोलरने आधी विचारले होते, इंधन सोडण्यासाठी थांबायचे आहे का? उत्तर ‘नाही’ असे आले होते. आणि प्रशांत महासागर धावपट्टीच्या पश्चिम टोकाला लागूनच होता.

एवढ्या एका घटनेवरून ‘हवेत इंधन सोडणे’ हाच गुन्हा ठरवला जातो, आणि भारतातही विमान परत फिरल्याची बातमी आली की खाली तीच प्रतिक्रिया उमटते: बंदी घाला. ही मागणी चुकीची आहे. फ्लॅपचा बिघाड हा असा प्रसंग आहे की ज्यात इंधन सोडणे हा बहुतेक वेळा सर्वांत शहाणा निर्णय असतो. त्याच वेळी विमान कंपन्या आणि नियामक यांनी ‘सगळे वाफ होऊन जाते’ एवढे एकच वाक्य फेकून विषय मिटवायचा, हेही चालू देता कामा नये. किती सोडले, कुठे सोडले, कोणत्या उंचीवरून सोडले, हे लोकांना कळायला हवे.

आधी फ्लॅपचे काम काय ते पाहू. मोठ्या प्रवासी विमानाचा पंख ताशी ९०० किलोमीटर वेगासाठी घडवलेला असतो. त्याच पंखाने ताशी २५०–२८० किलोमीटरवर विमान तोलायचे तर त्याचा आकार बदलावा लागतो. मागच्या कडेचे फ्लॅप आणि पुढच्या कडेचे स्लॅट बाहेर सरकून पंख रुंद आणि वाकडा करतात. पोटातल्या एका मोटर-संचाकडून लांबलचक फिरते दांडे दोन्ही पंखांत जातात, आणि ठिकठिकाणचे स्क्रू-जॅक फ्लॅपांना ढकलतात. दोन्ही बाजूंचे फ्लॅप सारखेच हलले पाहिजेत. डावा जास्त आणि उजवा कमी उघडला तर विमान एका बाजूला गडगडेल. म्हणून दोन्हीकडच्या स्थितीवर संवेदक नजर ठेवतात आणि फरक दिसला की यंत्रणा फ्लॅपांना जागच्या जागी कुलूप लावते. बातमीत ‘फ्लॅप अडकला’ असे येते, तेव्हा अनेकदा काही मोडलेले नसते. संरक्षक यंत्रणेने आपले काम केलेले असते. मात्र एकदा कुलूप बसले की ते हवेत निघत नाही, आणि लिव्हर पुढे-मागे करून पाहण्याचा मोह वैमानिकाने टाळायचा असतो.

हा बिघाड उड्डाणानंतर लगेच झाला तरच इंधनाचा प्रश्न येतो. प्रवासाच्या शेवटी, उतरताना फ्लॅप अडकले तर टाक्या जवळजवळ रिकाम्याच असतात; लांब धावपट्टी शोधायची, वेग जास्त ठेवायचा आणि उतरायचे. उड्डाणानंतर फ्लॅप आत गेलेच नाहीत तर मात्र पुढचा प्रवास संपलाच. फ्लॅप बाहेर असताना वेगावर कडक मर्यादा असते, आणि बोइंगच्या विमानांना अशा स्थितीत २०,००० फुटांच्या वर जाता येत नाही. हवेचा विरोध वाढल्याने इंधन भसाभस जळते. मुंबईहून नेवार्क किंवा लंडन सोडाच, अर्धी वाटही होत नाही. परत फिरावेच लागते, आणि तेही अकरा-बारा तासांच्या प्रवासाचे इंधन पोटात घेऊन.

आता वजनाचे गणित. बोइंग ७७७-३०० ईआरचे उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ३५१ टन, उतरण्याचे कमाल वजन सुमारे २५१ टन. मधले शंभर टन वाटेत जळून जातील असे गृहीत धरूनच ते विमान बांधले आहे. समजा ३४० टनांवर असताना फ्लॅप थोडेच उघडलेल्या स्थितीत अडकले. २५१ टनांवर पूर्ण फ्लॅप घेऊन उतरायला साधारण १४९ नॉट वेग लागतो (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). लागणारा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३४० टनांवर तो १७३ होतो. अडकलेल्या फ्लॅपसाठी आणखी ४० नॉट धरू (नेमका आकडा विमानाच्या पुस्तकातून आणि फ्लॅपच्या स्थितीवरून ठरतो). म्हणजे हलक्या विमानाला १८९, जड विमानाला २१३ नॉट. हे झाले हवेतल्या मापकावरचे वेग. मुंबईत ३५ अंश तापमानाला हवा विरळ असते, त्यामुळे जमिनीवरचा खरा वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो: १९५ आणि २२०. मोठ्या विमानांच्या टायरांची मर्यादा २०४ नॉटच्या आसपास असते. हलके विमान मर्यादेच्या आत बसते, जड विमान बसत नाही. जोहान्सबर्गसारख्या समुद्रसपाटीपासून १,७०० मीटर उंचीच्या ठिकाणी तर खरा वेग दहा टक्क्यांनी वाढतो आणि हलके विमानही काठावर येते.

टायर टिकले असे मानले तरी ब्रेक उरतात. गतिज ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग या हिशेबाने वाढते. वरच्या उदाहरणात जड विमानाची ऊर्जा हलक्याच्या जवळजवळ पावणेदोन पट भरते. रिव्हर्सर आणि हवेचा विरोध थोडी शोषतात, बाकीची ७७७ च्या बारा मुख्य चाकांमधल्या कार्बन ब्रेकांनी गिळायची. ब्रेक तापून लाल होतात, आणि टायर फुटू नयेत म्हणून चाकांत बसवलेले वितळणारे बूच वितळून हवा सोडून देतात. विमान धावपट्टीवरच बसते. आग लागण्याचा धोका थांबल्यानंतरच्या काही मिनिटांत सर्वाधिक, कारण ब्रेकची उष्णता बाहेरच्या भागांकडे सरकायला वेळ लागतो. म्हणूनच अग्निशमन दल आधीच सज्ज ठेवायचे असते आणि त्यांना चाकांकडे बाजूने न जाता पुढून किंवा मागून जायला सांगितलेले असते.

इथे एक समज दूर करायला हवा. ‘कमाल उतरण्याचे वजन ओलांडले तर विमान मोडते’ हे खरे नाही. प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार विमान उतरण्याच्या कमाल वजनावर सेकंदाला १० फूट वेगाने खाली आदळले तरी टिकले पाहिजे. आणि उड्डाणाच्या कमाल वजनावरही सेकंदाला ६ फूट वेगाने आदळले तरी टिकले पाहिजे. नेहमीचे चांगले उतरणे सेकंदाला दोन-तीन फुटांचे असते. म्हणजे जड विमान हळुवार टेकवले तर सांगाडा सहसा तग धरतो. त्यानंतर तंत्रज्ञ टायर, आस, लँडिंग गिअरचे सांधे, पंखांच्या पत्र्यावरच्या सुरकुत्या, इंजिनांचे आधार आणि इंधनगळती तपासतात. काही सापडले नाही तर विमान पुन्हा सेवेत जाते. आग, धूर, दोन्ही इंजिनांवर शंका, प्रवाशाला हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी इंधन सोडण्यात वेळ घालवण्यापेक्षा जड उतरणेच बरे. २ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअरचे एमडी-११ हॅलिफॅक्सजवळ धूर निघाल्यावर इंधन सोडण्यासाठी समुद्राकडे वळले आणि २२९ जण गेले. कॅनडाच्या तपासात आढळले की आग इतकी वेगाने पसरली होती की लगेच उतरण्याचा प्रयत्न केला असता तरी विमान धावपट्टीपर्यंत पोचले नसते. तरीही त्या अपघातानंतर धुराच्या वेळी आधी उतरण्याचा विचार करा, यावर साऱ्या व्यवसायात भर आला, आणि तो योग्यच होता.

फ्लॅपचा बिघाड याच्या बरोबर उलट टोकाला आहे. इंजिने ठीक असतात, केबिनमध्ये धूर नसतो, विमान तासन्‌तास उडू शकते. वेळ भरपूर आणि वेग मात्र धोकादायक. जिथे वेळ आहे आणि वेग हाच शत्रू आहे, तिथे वजन कमी करणे हे सर्वांत थेट औषध. इंधन सोडण्यावर सरसकट बंदी घालणारे लोक आगीच्या प्रसंगाचा आणि फ्लॅपच्या प्रसंगाचा हिशेब एकाच वहीत मांडतात.

इंधन सोडण्याची यंत्रणा विमानात मुळात कशासाठी असते, यावरही बराच गोंधळ आहे. अमेरिकी आणि त्यावर बेतलेल्या इतर नियमांत तिची अट उतरण्याच्या वजनावर बेतलेली नाही. ती चढण्यावर बेतलेली आहे. उड्डाण करून पंधरा मिनिटांत परत आलेल्या विमानाला, एक इंजिन बंद असताना, उतरणे रद्द करून पुन्हा वर चढता आले पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानाला त्यासाठी २.१ टक्के चढ लागतो. जे विमान पूर्ण भरलेल्या अवस्थेतही हे करू शकते त्याला यंत्रणा बसवण्याची सक्ती नाही. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० मध्ये ती नसते. ए३३० मध्ये ती खरेदीदाराच्या पसंतीवर असते. ७४७, ७७७ आणि ए३८० मध्ये असते. जिथे असते तिथे ती पंधरा मिनिटांत विमानाला ती चढण्याची क्षमता मिळवून देण्याइतकी वेगवान असावी लागते, आणि समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांवर चढून पुढे ४५ मिनिटे उडता येईल एवढे इंधन तिने कधीच सोडू नये, अशी व्यवस्था टाकीतच केलेली असते.

११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेले बोइंग ७३७ हायड्रॉलिक बिघाडामुळे अडीच तास घिरट्या घालून परत उतरले, तेव्हा काही बातम्यांत ‘इंधन सोडण्यासाठी घिरट्या’ असे आले. ७३७ इंधन सोडू शकतच नाही. ते जाळत होते. हा फरक बातमीदाराने चुकवला की वाचक दुसऱ्या दिवशी आपल्या शेतावर रॉकेल पडले का ते विचारू लागतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

प्रत्यक्षात हे कसे घडते? फ्लॅपचा इशारा आला की आधी वेग फ्लॅपच्या मर्यादेखाली ठेवायचा, चढणे एका सुरक्षित उंचीवर थांबवायचे आणि ‘पॅन पॅन’ (तातडीची अडचण असल्याचा रेडिओ संदेश) पुकारायचे. मग तपासणीची यादी (चेकलिस्ट) काढून बिघाड नेमका कोणता ते ठरवायचे: फ्लॅप दोन्हीकडे सारखे अडकले की असमान? पर्यायी विद्युत मोटरने हलवण्याची मुभा आहे का? असमान असतील तर ती मुभा नसते. त्यानंतर उतरण्याचा हिशेब. ७७७ मध्ये एक कळ दाबून यंत्रणा सज्ज केली की संगणक स्वतःच कमाल उतरण्याच्या वजनाचा आकडा धरतो. वैमानिकाला हवा तर तो उरलेल्या इंधनाचा आकडा हाताने बदलतो. मग दोन्ही पंखांतल्या तोंडांच्या कळा. ही तोंडे एलरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्टीच्या) आतल्या बाजूला, फ्लॅपांपासून दूर काढलेली असतात, म्हणजे फवारा बाहेर काढलेल्या फ्लॅपांवर किंवा पोटाखाली जाऊ नये. मोठ्या विमानांचा इंधन सोडण्याचा वेग मिनिटाला एक ते अडीच टन. वरच्या उदाहरणातले ८९ टन सोडायला अडीच टनांच्या वेगाने सुमारे ३६ मिनिटे लागतील. ठरलेला आकडा आला की यंत्रणा आपोआप थांबते, तरी एक वैमानिक घड्याळ आणि मापक यांवर नजर ठेवून असतोच. एका बाजूचे तोंड उघडले नाही, तर वेळ वाढतो आणि दोन पंखांच्या टाक्यांतला समतोल बिघडतो आहे का, हे पाहत राहावे लागते. असमान अडकलेल्या फ्लॅपांवर असमान वजन म्हणजे दुखण्यावर दुखणे.

कमाल उतरण्याचे वजन हा संगणकाचा सोयीचा आकडा आहे, हिशेबाचा शेवट नव्हे. पूर्ण फ्लॅप असतील तर त्या वजनावर थांबणे पुरते. फ्लॅप अडकलेले असताना धावपट्टी अपुरी पडत असेल तर त्याहून खाली जावे लागते. उलट बाजूने, फ्लॅप बाहेरच असल्याने इंधन जास्त जळते. उतरणे रद्द करून पुन्हा फेरी मारावी लागली किंवा दुसऱ्या विमानतळावर जावे लागले तर हाताशी साठा हवा. या दोहोंमधला आकडा माणसाने काढायचा असतो, आणि तो का काढला हे नंतर लिहून ठेवायचे असते. आणखी एक गोष्ट उंचीवर असतानाच करायची: उतरण्याच्या स्थितीत, उतरण्याच्या वेगापर्यंत वेग कमी करून विमान सांभाळता येते का ते तपासायचे. ४ ऑक्टोबर १९९२ ला अॅमस्टरडॅममध्ये एल अलच्या मालवाहू ७४७ ची उजव्या पंखाची दोन्ही इंजिने गळून पडली होती, पंखाची पुढची कड फाटली होती, फ्लॅपांना अडचण असल्याचे वैमानिकांनी कळवले होते. उतरण्यासाठी वेग कमी होताना विमान हातचे गेले आणि बाइल्मरमिअर या वस्तीतल्या इमारतींवर कोसळले. तेथे ४३ माणसे मेली. वेगाची परीक्षा जमिनीजवळ द्यायची नसते.

आता खालच्या माणसाचा प्रश्न. जेट इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. पंखातून सुटताना वेगवान हवेत त्याचे बारीक थेंब होतात आणि खाली येता येता त्यांची वाफ होते. वाफ किती होईल हे तीन गोष्टींवर ठरते: उंची, हवेचे तापमान आणि इंधनाचा प्रकार. जुने लष्करी इंधन जेपी-४ फार लवकर उडून जाई. आजचे नागरी जेट ए-१ त्यापेक्षा जड आहे, त्याची वाफ सावकाश होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची मार्गदर्शक पद्धत सांगते की इंधन सोडताना विमान शहरांपासून दूर, शक्यतो पाण्यावर, गडगडाटी ढगांपासून लांब आणि ६,००० फुटांच्या खाली नसावे. मागून येणाऱ्या विमानांसाठी ९३ किलोमीटर किंवा पंधरा मिनिटांचा पट्टा राखायचा असतो, त्यात वर ३०० मीटर आणि खाली ९०० मीटर अंतर. अमेरिकी नियमात मार्गाच्या पाच मैलांतल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या वर २,००० फूट एवढीच अट आहे. ही अट अडथळ्यांसाठी आहे, रॉकेलसाठी नाही. कडहीची घटना आणि ही अट यांच्यातले अंतर फार नाही.

६,००० फुटांच्या आकड्याबद्दलही सरसकट बोलणे धोक्याचे. हा आकडा जमिनीपासून मोजायला हवा. जोहान्सबर्गच्या धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून ५,५०० फुटांहून अधिक आहे. तिथे समुद्रसपाटीपासून ६,००० फूट म्हणजे घरांच्या छपरांवरून. बंगळूरुचा विमानतळ ३,००० फुटांवर आहे. आणि तापमान? मे महिन्यात मुंबईवर ३५ अंशांत जे थेंब वाटेतच नाहीसे होतील, त्यांतले काही जानेवारीत दिल्लीच्या थंडीत जमिनीपर्यंत पोचू शकतात. थंडीत उत्तर भारतात जमिनीपासून दहा हजार फूट ही किमान उंची का नसावी? फ्लॅपच्या बिघाडात वेळ असतोच, आणि विमान तेवढे सहज चढू शकते. इंजिनाला आग लागली असेल तर कोणीही उंचीचा नियम दाखवून वैमानिकाला अडवू नये. दोन प्रसंगांसाठी दोन मोजमापे हवीत.

मुंबईची गोष्ट वेगळी आहे आणि काही बाबतींत सोपी. धावपट्टीपासून पश्चिमेला काही किलोमीटरवर अरबी समुद्र. लांब पल्ल्याच्या विमानाला समुद्रावर जाऊन इंधन सोडणे अवघड नाही. पण समुद्र रिकामा नसतो. वर्सोव्यापासून सातपाटीपर्यंतच्या कोळी बांधवांच्या होड्या तिथेच असतात, आणि जुहूहून बॉम्बे हायच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरे कमी उंचीवर उडतात. खालच्या ९०० मीटर अंतराचा नियम कागदावर न राहता त्या हेलिकॉप्टरांच्या मार्गांशी जोडला गेला पाहिजे. जून ते सप्टेंबर गडगडाटी ढग किनाऱ्यावर उभे असतात. विजेच्या शेजारी रॉकेलचा फवारा कोणीही मागणार नाही, त्यामुळे पावसाळ्यासाठी पर्यायी पट्टे आधीच ठरलेले हवेत. ऐनवेळी कंट्रोलरने नकाशा उघडून शोधायचे हे काम नाही.

जड उतरण्याचा पर्याय मुंबईत आणखी महाग पडतो. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. मुख्य सुमारे ३,४५० मीटर, दुसरी सुमारे २,८७० मीटर. टायर बसलेले ३०० टनांचे विमान छेदावर थांबले तर विमानतळ बंद. १ जुलै २०१९ ला पावसात एक ७३७ मुख्य धावपट्टीच्या टोकाला घसरले, तेव्हा ती धावपट्टी तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिली होती, आणि ते विमान ७७७ च्या तुलनेत लहानच. ‘इंधन वाया घालवू नका, तसेच उतरा’ म्हणणाऱ्यांनी धावपट्टीच्या दोन्ही टोकांना असलेली वस्ती डोळ्यांसमोर आणावी.

‘मग घिरट्या घालून जाळा’ हा तिसरा सल्ला. जड ७७७ घिरट्या घालताना ताशी आठ-नऊ टन जाळते, फ्लॅप बाहेर असतील तर अधिक. ८९ टन जाळायला नऊ तासांहून अधिक लागतील. एका बिघाडाचे विमान, थकलेले वैमानिक आणि तीनशे प्रवासी नऊ तास हवेत ठेवायचे कशासाठी? हवामानासाठी म्हणाल तर जाळलेल्या एका किलो इंधनातून ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि हवेत सोडलेली वाफही शेवटी बहुतांशी त्याच वायूत बदलते. हवामानाच्या दृष्टीने दोन्ही मार्गांत फारसा फरक नाही. फरक पडतो तो खालच्या गावातल्या हवेला, आणि तो उंची व जागा नीट निवडून सोडवता येतो. फार जड विमानांना ही यंत्रणाच वापरता आली नाही तर काय होते, हे ४ नोव्हेंबर २०१० ला सिंगापूरमध्ये दिसले. क्वांटासच्या ए३८० चे एक इंजिन फुटले, तुकड्यांनी तारा तोडल्या, इंधन सोडण्याची यंत्रणा आणि पुढच्या कडेचे स्लॅट दोन्ही निकामी झाले. ते विमान उतरण्याच्या मर्यादेपेक्षा ४० टनांहून अधिक जड असताना उतरले आणि चार किलोमीटरच्या धावपट्टीवर जेमतेम दीडशे मीटर शिल्लक राहिले. तापलेल्या ब्रेकांशेजारी पंखातून इंधन गळत होते, आणि एक इंजिन काही केल्या बंद होईना. चांगी विमानतळाएवढी लांब धावपट्टी प्रत्येक शहराच्या नशिबी नसते.

एवढे सगळे इंधन सोडण्याच्या बाजूने. आता कंपन्यांच्या बाजूचा आळस. जर्मनीत राइनलँड-पॅलेटिनेटमधल्या लोकांनी आपल्या जंगलांवर फ्रँकफर्टच्या विमानांचे इंधन पडते म्हणून तक्रारी केल्या, तेव्हा तिथली अशा घटनांची माहिती लोकांपुढे येऊ लागली: तारीख, कोणत्या भागावर, किती टन. त्यामुळे आंदोलन विझले असे नाही, पण वाद निदान आकड्यांवर होतो. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हेच करावे. प्रत्येक वेळी इंधन सोडले गेले की ७२ तासांत एका पानाची नोंद: विमानाचा प्रकार, बिघाडाचा वर्ग, सोडलेले टन, सुरुवातीची आणि शेवटची उंची जमिनीपासून, मार्गाचा नकाशा, त्या वेळचे जमिनीवरचे तापमान आणि वाऱ्याची दिशा. यातले बहुतेक आकडे विमानाच्या रेकॉर्डरमध्ये आणि नियंत्रण कक्षाच्या रडारवर आधीच असतात. गोळा करायला वेगळा खर्च नाही. कंपनीचे नाव त्यात असावे की नसावे यावर वाद होऊ शकतो. नाव लपवल्याने वैमानिक मोकळेपणाने नोंद देतील हा युक्तिवाद फालतू नाही. पण उंची आणि जागा लपवायचे कोणतेही कारण नाही.

जमिनीपासून ६,००० फुटांच्या खाली, किंवा वस्तीवर, इंधन सोडले गेले असेल तर त्या नोंदीत एक अधिकचा रकाना हवा: तसे का करावे लागले. ‘आग’, ‘नियंत्रण सुटण्याचा धोका’, ‘दोन्ही इंजिनांवर शंका’ ही उत्तरे समजण्याजोगी आहेत. आणि तो रकाना रिकामा राहिला, किंवा त्यात ‘फ्लॅपचा बिघाड’ एवढेच लिहिलेले आढळले, तर चौकशी आपोआप सुरू व्हावी, कारण फ्लॅप अडकलेल्या विमानाला चढायला, समुद्राकडे जायला आणि नियंत्रण कक्षाला कळवायला वेळ असतो. कडहीच्या वैमानिकांकडे तो किती होता, यावर वाद घालता येईल. पण नियंत्रण कक्षाला एका वाक्यात सांगायला किती वेळ लागतो, यावर वाद घालता येत नाही.